वीस एक अपेक्षित

‘सत्तावीस लिही’ म्हटलं की पहिली-दुसरीतली बरीच मुलं आधी ७ काढतात आणि त्याच्या पुढे २. वहीत बहात्तर होतात, बाई लाल पेनानं गोल करतात. मुलाच्या बाजूनं पाहिलं तर त्याचं काय चुकलं? कानावर सात आधी पडले, हातानं सात आधी उतरवले. मराठीत दोन अंकी संख्या बोलताना एकक पुढे असतो आणि दशक मागे. लिहिताना दशक आधी येतो. त्यात ‘एकोण’ची भर. एकोणतीस म्हणजे एकानं उणे तीस, म्हणजे ऐकायचे तीस आणि लिहायचे दोन. एकोणचाळीस, एकोणपन्नास असा हा नियम एकोणनव्वदपर्यंत इमानानं चालतो आणि नव्व्याण्णवाशी येऊन मोडतो. एकोणशंभर कुणी म्हणत नाही. का, तर म्हणत नाही.

शिवाय हे सगळं अक्षरी लिहायचं. त्रेसष्ट, अठ्ठ्याऐंशी, त्र्याण्णव. ज्या वयात साधं ‘पुस्तक’ लिहिताना ‘स्त’ला घाम फुटतो, त्या वयात. माझ्या भाचीनं एकदा ‘अठ्ठ्याण्णव’ लिहिताना ठ, त्याखाली ठ, त्याखाली य असे एकाखाली एक इतके उतरवले होते की तो डोलारा पुढच्या ओळीतल्या नव्व्याण्णवाच्या डोक्यावर जाऊन टेकला. ते पान मी जपून ठेवलंय.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीचं दुसरीचं नवं गणिताचं पुस्तक शाळांत आलं, तेव्हा या गोंधळावर त्यात एक उपाय होता. संख्या जशी लिहिली जाते तशीच वाचायची: वीस एक, वीस दोन, नव्वद तीन. जुनी नावं काढून टाकलेली नव्हती, तीही होती. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. हयातभर गणित शिकवलेल्या, ‘गणितगप्पा’ लिहिणाऱ्या, आणि ज्या मुलांना क्लास परवडत नाही त्यांना घरी बसवून शिकवणाऱ्या बाई. त्यांचं म्हणणं सरळ होतं. जोडाक्षरांमुळे आणि उलट्या बोलण्यामुळे मुलांच्या मनात गणिताची भीती बसते. दोन्ही पद्धती समोर ठेवा, मुलाला जी झेपेल ती वापरू द्या.

मग जे झालं ते आठवत असेल. मराठीचा खून इथपासून इंग्रजीची गुलामी इथपर्यंत सगळे आरोप झाले. मुख्यमंत्र्यांच्या आडनावात ‘वीस’ असल्यानं विधिमंडळातही कोट्या झाल्या. व्हॉट्सअॅपला तर महिनाभराचा शिधा मिळाला. एक गोष्ट कुणाच्या लक्षात कशी आली नाही, याचं मला अजून नवल वाटतं. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात दहावी-बारावीच्या मुलांसाठी ‘२१ अपेक्षित’ नावाचं पुस्तक वर्षानुवर्षं खपतं. त्याला ‘वीस एक अपेक्षित’ म्हणण्याचा विनोद अगदी हाताशी होता.

दशक आधी बोलायला इंग्रजीकडे जायचीही गरज नाही. कन्नडमध्ये सत्तावीसला ‘इप्पत्तेळु’ म्हणतात, म्हणजे वीस-सात. अक्कलकोट नि जत तालुक्यांत कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत आणि त्यांची पुस्तकंही बालभारतीच छापते. तिथलं मूल आपल्या मातृभाषेत मोजताना हा घोटाळा करतच नाही, कारण घोटाळ्याला जागाच नाही. नॉर्वेत तर १९५१ साली सरकारनं अधिकृतपणे मोजणी उलटी करून टाकली. त्यांचीही जुनी पद्धत आपल्यासारखी ‘सात-नि-वीस’ होती. टेलिफोन वाढले, नंबर सांगताना चुका होऊ लागल्या, आणि ‘वीस-सात’ आलं. शाळेनं नवी पद्धत उचलली, पण आजी-आजोबा पुढची कित्येक दशकं जुनंच बोलत राहिले. तिथेही दोन्ही नांदलं.

तेव्हा मंगलाताईंची कल्पना वेडगळ नव्हती. तिचं जे काही झालं त्यात माझ्या मते गणिताचा किंवा मराठीचा दोष कमी आणि टपालाचा जास्त. पुस्तक घराघरांत आधी पोचलं. कारण मागाहून आलं, तेही टीव्हीवरच्या भांडणातून. मधे जो माणूस उभा असतो, म्हणजे वर्गातले गुरुजी किंवा बाई, त्यांच्या हातात पालकांना दाखवायला पुस्तकाखेरीज काही नव्हतं. अभ्यासक्रम सुधारण्याची महाराष्ट्रातली बहुतेक गोष्ट या मधल्या माणसापाशी अडते किंवा सुटते. आणि ती गोष्ट बरीचशी पुण्यात घडते.

नकाशा डोळ्यांपुढे आणा. अभ्यासक्रम ठरतो कुमठेकर रस्त्यावर, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत. पुस्तक तयार होतं सेनापती बापट रस्त्यावर, बालभारतीत. दहावी-बारावीची परीक्षा घेणारं राज्य मंडळ शिवाजीनगरला. आणि या तिघांना वळसा घालून जायचं असेल तर गाईड मिळतं अप्पा बळवंत चौकात. रिक्षानं अर्ध्या दिवसात चारही ठिकाणं होतात, रहदारीनं परवानगी दिली तर.

कुमठेकर रस्त्यापासून विश्रामबागवाडा चालत काही मिनिटांवर आहे. पेशवाई बुडाल्यावर तीन वर्षांनी, १८२१ मध्ये, तिथे पाठशाळा सुरू झाली. सुरू करणारा मुंबई इलाख्याचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. हा गृहस्थ मूळचा स्कॉटलंडचा. १८२४ च्या त्याच्या शिक्षणविषयक टिपणात देशी भाषांतली पुस्तकं छापून स्वस्तात देण्यावर भर आहे. पुढे त्याच पुण्यात मेजर थॉमस कँडी आला, आणि मराठी शालेय पुस्तकं तपासण्याचं, रचण्याचं काम कित्येक वर्षं त्याच्या हातून झालं. मराठीत स्वल्पविराम, अर्धविराम ही चिन्हं रुळवण्याचं श्रेय त्यालाच देतात. म्हणजे या वाक्यात मी आत्ता जो स्वल्पविराम टाकला, तोही एका अर्थी पाठ्यपुस्तकाच्या वाटेनंच आपल्याकडे आला. तेव्हा तो कुणाला मराठीचा खून वाटला होता का, कोण जाणे. वाटला असणारच.

पुस्तकात मुलाला आवडेल असं काही असावं, हा विचार मात्र बऱ्याच उशिरा रुजला. तो रुजवणाऱ्यांत ठळक नाव आचार्य अत्र्यांचं. नाटककार आणि संपादक व्हायच्या आधी अत्रे पुण्याच्या कॅम्पमधल्या एका शाळेचे मुख्याध्यापक होते आणि लंडनला जाऊन शिक्षणशास्त्राची पदविका घेऊन आले होते. त्यांच्या ‘नवयुग वाचनमाले’त मुलांना हसू येईल, उत्सुकता वाटेल असे धडे होते. त्या काळी अशा खाजगी वाचनमाला एकमेकींशी स्पर्धा करायच्या. कोणत्या शाळेनं कोणती माला लावावी यात जे राजकारण व्हायचं, त्यावर खुद्द अत्र्यांनीच एखादं प्रहसन लिहायला हरकत नव्हती.

ही स्पर्धा संपली २७ जानेवारी १९६७ रोजी. त्या दिवशी महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ स्थापन झालं. एवढं लांब नाव कोण घेणार? मंडळाच्या भाषेच्या पुस्तकाचं नाव ‘बालभारती’ होतं, तेच संस्थेला चिकटलं. मागून नववी-दहावीला ‘कुमारभारती’ आली, अकरावी-बारावीला ‘युवकभारती’. सगळ्या राज्याला एकच पुस्तक, तेही कमी किमतीत आणि मराठीशिवाय उर्दू, गुजराती, कन्नड, सिंधी, तेलुगू अशा भाषांतही. ही मोठीच कमाई होती. गडचिरोलीच्या आणि कोथरूडच्या मुलाच्या दप्तरात एकच पुस्तक, हे सहज होत नाही.

या कमाईची किंमतही होती. पुस्तक एकच म्हटल्यावर हळूहळू पुस्तक म्हणजेच अभ्यासक्रम झाला. ‘पोर्शन संपला’ असं आपण म्हणतो तेव्हा पानं संपलेली असतात. मुलांना काय आलं हा हिशेब वेगळा. हे मंडळाला कळत नव्हतं असं नाही. नाहीतर त्यांनी १४ नोव्हेंबर १९७१ ला ‘किशोर’ मासिक कशाला काढलं असतं? सरकारी खात्यानं परीक्षेला न येणारं काहीतरी मुलांच्या हाती द्यायचं, हे तेव्हा अप्रूप होतं आणि आजही आहे. ‘किशोर’वर प्रश्न विचारत नाहीत, म्हणूनच ते वाचलं जातं. जुने अंकही आता संगणकावर फुकट पाहायला मिळतात.

आता त्या मधल्या माणसाकडे येतो.

काही वर्षांपूर्वी एका जिल्हा परिषद शाळेत गेलो होतो. नाव-गाव सांगत नाही, तशा शाळा पुष्कळ असतील. मुख्याध्यापकांच्या खोलीत लोखंडी कपाट, कपाटावर निळी पेटी, पेटीला कुलूप. विज्ञान साहित्याची पेटी. आत काय आहे विचारलं तर गुरुजींनी वही काढली आणि वाचून दाखवलं: भिंग, चुंबक, परीक्षानळ्या, काटा, लंबक. पेटी उघडली नाही. मी आग्रह केल्यावर ते शांतपणे म्हणाले, “साहेब, एक परीक्षानळी फुटली तर ती निर्लेखित करायला मला किती कागद करावे लागतील, माहितीये? त्यापेक्षा फळ्यावर चित्र काढतो. चित्र फुटत नाही.”

ती वही म्हणजे जडवस्तू संग्रह नोंदवही. सरकारी शाळेत आलेली टिकाऊ वस्तू तीत चढते. मग ती हरवली, मोडली, झिजली की ज्याच्या ताब्यात असेल त्यानं जाब द्यायचा. तपासणीला साहेब आले की आधी ही वही मागतात. पेटी किती वेळा उघडली, ते मात्र कोणत्याच वहीत लिहायचं नसतं. गुरुजी आळशी नव्हते. हिशेबी होते, आणि त्या हिशेबात त्यांचं काही चुकत नव्हतं. इंग्रजीत या वहीला ‘डेड स्टॉक रजिस्टर’ म्हणतात, आणि सगळी कार्यालयं मराठीत बोलतानाही तेच नाव घेतात. मृत साठा. पेटीला शोभतं.

अरविंद गुप्तांच्या कामाचं मोठेपण मला त्या दिवशी कळलं. गुप्ता कानपूरच्या आयआयटीचे अभियंते, पुण्यात टेल्कोत नोकरीला. १९७८ च्या सुमारास ते रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादला गेले. तिथे १९७२ पासून सोळा सरकारी शाळांत विज्ञान प्रयोगांतून शिकवण्याचा उपक्रम चालू होता. पुढे तो वाढत वाढत हजारभर शाळांत गेला. मुलं गटागटानं प्रयोग करायची, शिक्षक दर महिन्याला एकत्र बसून अडचणी बोलायचे, परीक्षासुद्धा पुस्तक उघडं ठेवून. २००२ मध्ये तिथल्या सरकारनं तो बंद केला. तीस वर्षांचं काम एका आदेशानं संपलं.

गुप्तांनी तिथून आणलेली शिदोरी मात्र आदेशानं संपणारी नव्हती. सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी घ्या, नखाएवढा तुकडा कापा. दोन्ही बाजूंनी एकेक आगकाडी खुपसा, गुल खरवडून टाकून. झाला सांधा, कोपरासारखा वाकणारा. असे चार सांधे जोडून चौकोन करा. बोटानं ढकलला की कलतो, पतंगासारखा होतो. आता तीन काड्यांचा त्रिकोण करा. हवा तेवढा दाबा, हलत नाही. हे एकदा हातानं केलेलं मूल लोखंडी पुलाच्या बाजूला एवढे त्रिकोण का असतात, ते आपणहून सांगतं. खर्च किती? थोड्याशा नळीत सगळा वर्ग होतो. आणि मुख्य म्हणजे या वस्तू कोणत्याही नोंदवहीत चढत नाहीत. काडी मोडली तर दुसरी घ्या. कचऱ्याचा जाब कुणी विचारत नाही.

२००३ ते २०१४ गुप्ता पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत होते, मुक्तांगण विज्ञान शोधिकेत. ती इमारत पु. ल. देशपांड्यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून उभी राहिली. नाव ‘पुलस्त्य’. सप्तर्षींतला एक तारा, आणि त्यात पु.ल. दडलेले. खगोलशास्त्रज्ञांना इतकी चांगली कोटी सुचावी, याचा मला पुणेकर म्हणून अभिमान आहे. तिथे शाळाशाळांची मुलं येऊन दिवसभर खेळणी करून जायची. त्या खेळण्यांच्या छोट्या चित्रफिती झाल्या, मराठीसह अनेक भाषांत. पुस्तकं तर हजारोंनी संकेतस्थळावर फुकट ठेवली. आयुकाचे संस्थापक जयंत नारळीकर यांचीही एक पद्धत होती. मुलांनी सही मागितली की ते म्हणायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव. उत्तर पाठवीन, त्याखाली सही असेल. यालाही पेटी लागत नाही. (नवरा सहीच्या बदल्यात प्रश्न मागतो आणि बायको सत्तावीसला वीस सात म्हणू देते, असं एक घर पुण्यात होतं.)

सरकारातूनही अधूनमधून अशी झुळूक येते. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटात, म्हणजे शाळांच्या गटात, विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना बरोबर घेऊन वर्गाची फरशीच शिकायची जागा केली. अंकांच्या चौकटी, शब्दांची वर्तुळं जमिनीवर. मुलं बसून, रांगून, उड्या मारून शिकणारी. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि राज्यभरातून शिक्षक गाड्या करून कुमठ्याला पाहायला आले. पाहून काहीजण शिकले. काहीजणांनी परत येऊन पेंटर बोलावला. मी पाहिलेल्या एका वर्गात फरशी सुरेख रंगवलेली होती आणि तिच्यावर बाक मांडलेले होते.

दुसरं उदाहरण ताजं आहे. दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून मार्च २०२३ मध्ये शासनानं ठरवलं की पुस्तकाचे चार भाग करायचे आणि पाठांमागे वहीची कोरी पानं जोडायची. कागदावर सुंदर कल्पना. पण मुलाला वेगळी वही आणायला सांगणारे शिक्षक होते, कारण पानं पुरायची नाहीत आणि तपासायला पुस्तकं गोळा केली तर मुलानं घरी वाचायचं काय? मुलं वह्याही आणत राहिली. २०२५ च्या सुरुवातीला कोरी पानं रद्द झाली. वही कोण तपासतं, कधी तपासतं, कुठे ठेवतं, हे कोणत्याही बाईंनी चहा पिता पिता आधीच सांगितलं असतं.

पुस्तकच नसेल तर? स्कॉटलंडमध्ये, एल्फिन्स्टनच्या गावी, सरकार पाठ्यपुस्तक छापतच नाही. २०१० पासून तिथे शाळांत ‘करिक्युलम फॉर एक्सलन्स’ लागू आहे, तीन ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी. मुलांना कोणते अनुभव मिळावेत आणि काय यावं एवढंच सरकार सांगतं. साहित्य शिक्षकानं निवडायचं, जमवायचं. आपल्याला हा स्वर्ग वाटेल. तिथल्या शिक्षकांना तो इतका मोकळा वाटला की ‘नेमकं काय आलं म्हणजे पुरे’ हे सांगा अशी मागणी झाली आणि काही वर्षांनी तसे निकष वेगळे द्यावे लागले. २०२१ मध्ये ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संस्थेनं पाहणी केली तेव्हा एक जुनंच दुखणं निघालं. खालच्या वर्गांत मोकळं शिक्षण, आणि वरच्या वर्गांत जुन्या वळणाची परीक्षा, यांचा सांधा जुळत नव्हता. म्हणजे तिथेही शिवाजीनगर आणि कुमठेकर रस्ता यांच्यात अंतर आहेच.

माझी भाचीही सत्तावीसचे बहात्तर करायची, त्याचं पुढे काय झालं, ते राहिलं. तिच्या शाळेतल्या बाईंनी ‘वीस एक’च्या वादात भाग घेतला नाही. त्यांनी खराट्याचे हीर बोटभर लांबीचे तोडले, दहा-दहाच्या जुड्या करून दोऱ्यानं बांधल्या आणि बाकीचे सुटे ठेवले. मुलानं दोन जुड्या आणि सात हीर उचलायचे, मोठ्यानं म्हणायचं, “दोन दशक, सात सुटे; वीस नि सात, सत्तावीस.” एका दमात तीन भाषा. भाचीनं दिवाळीपर्यंत बहात्तर लिहिणं सोडलं. मी बाईंना विचारलं, हे हीर साहित्य म्हणून वहीत चढवता का? त्या हसल्या. खराटा सादिलवारच्या, म्हणजे किरकोळ, खर्चातून येतो आणि वापरून संपणाऱ्या वस्तूंत धरतात, म्हणाल्या. दर सत्राला एक लवकर झिजतो, एवढंच.